हिवराळे सरांची कोवळी ज्वारी

हिवराळे सर म्हटलं की मला ते खोडताना दिसतात. लाल शाईचं पेन उभं धरून, कागदावर वाकून, माझी विशेषणं एकेक करून उडवताना.

"भीषण, भयाण, ज्वलंत... काय गं प्रज्ञा, पत्रक लिहितीस का फटाक्याची माळ लावतीस? नळाला पाणी नाय, एवढं लिही. तेवढ्यानं माणूस पेटतो. विशेषण म्हणजे भाकरीतला खडा. दात पडतो, पोट भरत नाय."

मुकुंदवाडीतल्या आमच्या गल्लीत निम्म्या पोरांनी पुस्तकाआधी सरांची पत्रकं वाचली. हुंड्यावरचं पत्रक, रेशनच्या मापावरचं पत्रक, शाळेत पोरांना वेगळं बसवलं त्यावरचं पत्रक. सर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवत. पगारातला ठरलेला भाग औरंगपुऱ्यातल्या एका छापखान्यात जाई, आणि त्यावरून काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी लीलाबाई, त्यांना रोज टोमणे मारत. "लोकं सोनं करत्यात, आमचं सर गुलाबी कागद करत्यात."

पत्रक वाटण्याची त्यांची एक रीत होती. ते भिंतीला चिकटवायचं नाही, पानटपरीवर गठ्ठा ठेवायचा नाही. समोरच्याच्या हातात द्यायचं आणि तो पहिली ओळ वाचेपर्यंत तिथून हलायचं नाही. माणूस कंटाळून निघू लागला तर म्हणत, "दादा, एक ओळ. मग टाका खुशाल गटारात." बहुतेक जण टाकत नसत. बसमधल्या माणसाला दिलं तर "वाचून झालं की शेजारच्याला द्या" असं बजावत. सरांची पत्रकं अशीच एस.टी.नं पैठणला जात, वैजापूरला जात आणि कधी कधी दुसऱ्याच कुणाच्या खिशातून घडी पडून परत आमच्या गल्लीत येत.

एकदा चिकलठाण्याकडे एक महाराज आले. मंतरलेलं पाणी पाजून साखरेचा आजार घालवतो म्हणत. सर रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर पाणी हातात घेतलं आणि विचारलं, "महाराज, तुमची स्वतःची साखर किती?" भक्तांनी सरांचा सदरा उभा फाडला. त्याच फाटक्या सदऱ्यात ते घरी आले आणि लिहायला बसले. दुसऱ्या दिवशी पत्रकाचं शीर्षक होतं, 'महाराजांची साखर किती?' महाराजांनी आठवड्यात मुक्काम हलवला. आम्ही पोरं महिनाभर एकमेकांना तेच विचारत फिरत होतो.

हे सांगतेय ते एवढ्यासाठी, की पुढं जे झालं ते एखाद्या भाबड्या माणसाच्या हातून झालं असा कुणी समज करून घेऊ नये.

सरांचे वडील वैजापूर तालुक्यात एका पाटलाकडे सालगडी होते, वर्षाच्या बोलीवर राबत. एका दुष्काळी वर्षी ज्वारी गुडघ्याएवढी होऊन जागीच करपत होती. पाटलाचा बैल दावं तोडून त्या रानात शिरला. चार घास खाल्ले असतील नसतील, थरथरत खाली बसला आणि मेला. पाटलानं सरांच्या वडिलांना चाबकानं फोडलं. वडील घरी आले, पाठीला तेल लावून घेतलं आणि पोराला म्हणाले, "ध्यानात ठिव. ताणाची ज्वारी जनावराला लागती. पाऊस पडला की तिचं इख उतरतं. मग खुशाल चार."

सर ही गोष्ट वर्गात सांगायचे, चाबकाचा धडा म्हणून. वडिलांचं वाक्य मात्र त्यांनी आयुष्यभर शास्त्रासारखं जपलं. आपल्या माणसानं मार खाऊन शिकलेली गोष्ट, ती खोटी कशी असेल? ती खोटी नव्हतीच. ती बैलाच्या पोटापुरती, रानापुरती, वाढलेल्या पिकापुरती खरी होती.

निवृत्त झाल्यावर सर सकाळी मैदानावर फिरायला जाऊ लागले. फाटकाशी एकजण गव्हांकुरांचा हिरवा रस विकायचा. बंगल्यातली माणसं गाडी थांबवून छोटा पेला प्यायची आणि मिटक्या मारत रक्तदाबाविषयी बोलायची. सरांनी भाव विचारला आणि तिथंच भडकले. घरी येऊन मला म्हणाले, "गहू आपल्या बापजाद्यांनी कधी खाल्ला? सणाला. आपलं धान्य ज्वारी. मग कोंब गव्हाचेच कशाला? ज्यानं आपली हाडं बांधली त्याचा रस आपण का नाय प्यायचा?"

ही चूक आमच्याकडंच होऊ शकते. ज्या माणसांनी ज्वारीवर शेकडो वर्षं काढली, भाकरी, कण्या, हुरडा, आंबील, आणि जनावराला वाळला कडबा, त्यांना ज्वारीचा संशय येत नाही. आई विष घालेल असं कुणाला वाटतं?

सरांनी गच्चीवर फळांच्या पेट्या मांडल्या, माती भरली, ज्वारी पेरली. तीन-चार बोटं वर आली की कापायची, मिक्सरमधून काढायची, फडक्यानं गाळायची आणि कच्चीच प्यायची. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल याची चर्चा जेवणापेक्षा जास्त होते, पण सरांच्या पेट्या कधी सुकल्या नाहीत. काकू भांडी राखेनं घासत आणि वरून पाण्याचा आवाज आला की ओरडत, "लोकांच्या डोक्यावर केस उगवत्यात, आमच्या सरांच्या डोक्यात कोंब फुटल्यात!" सर वरून उत्तर देत, "ताण पडू द्यायचा नसतो, लीला. ताणानं इख येतं."

आधी त्यांनी स्वतः वर्षभर रस घेतला. त्याशिवाय लोकांना सांगायचं नाही, ही त्यांची नीती. रस प्यायल्यावर थोडा वेळ डोकं गरगरायचं, छातीत धडधडायचं. सर कठड्याला टेकून बसत आणि म्हणत, "चढतो जरा. ताकद हाय त्यात." रसानं पोट भरल्यासारखं वाटतं म्हणून रात्रीचं जेवण सोडलं. सकाळी भाकरी आणि मिरचीचा ठेचा, डाळ असली तर असली. निवृत्तीनंतर वाढलेली त्यांची साखर उतरली. उतरणारच होती, जेवतच नव्हते. पण सरांनी ते ज्वारीच्या खात्यावर मांडलं आणि पत्रक काढलं, 'गव्हाला पैसे, ज्वारीला अंकुर'. चौदा एप्रिलला जयंतीच्या गर्दीत ते हातोहात गेलं. लोकांनी मोबाईलवर फोटो काढून गावोगाव पाठवलं. माझी आईही गुडघ्यांसाठी रस पिऊ लागली.

पहिल्यांदा मला भीती वाटली ती छापखान्यात. सर नव्या पत्रकाचा नमुना हातात धरून मालकावर चिडले होते. "मथळा लाल सांगितला होता. काळा छापलाय."

मालकानं माझ्याकडं पाहिलं. मथळा लालभडक होता.

"सर, लालच आहे," मी म्हणाले.

सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, तिरका केला. मग हसले. "मोतीबिंदू आला वाटतं." आयुष्यभर लाल पेन चालवलेल्या माणसाला लाल दिसत नव्हता आणि तो हसत होता.

त्यानंतर मी त्यांच्याकडे बघायचं टाळू लागले, आणि बघतही राहिले. रस्त्यात त्यांची एक चप्पल मागं राहायची आणि ते तसेच पुढं जायचे. कुणीतरी हाक मारून चप्पल आणून द्यायचं तेव्हा ते पायाकडं असे बघायचे, जणू पाय दुसऱ्याचा आहे. चालताना गुडघे एकमेकांना घासू लागले. कानात सारखी गिरणी चालू आहे म्हणायचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शब्द. बोलता बोलता थांबायचे. डोळ्यांत ओळखीचं काही शोधत राहायचे. एकदा काकूंकडं पाणी मागताना त्यांना 'पाणी' सापडेना. हातानं पेल्याची खूण केली. काकूंनी पाणी दिलं, स्वयंपाकघरात गेल्या आणि तोंडात पदर कोंबून उभ्या राहिल्या.

आम्ही सगळे म्हणत होतो, वय झालं. सरही तेच म्हणत होते. पेला मात्र रोज चालू होता, कारण अशक्तपणावर दुसरा उपाय काय?

शेजारच्या जुबेदाखालांची शेळी होती, शहजादी. दोन्ही गच्च्या एकमेकींना लागून. एका दुपारी शहजादी कठडा ओलांडून आली आणि तिनं दोन पेट्या मुळापर्यंत साफ केल्या. आरडाओरड ऐकून मी वर गेले. शेळी मान मागं टाकून पडली होती, पोट भात्यासारखं हलत होतं, पाय ताठ. आम्ही पाणी आणेपर्यंत ती गेली. उघड्या तोंडात हिरड्या लालचुटुक होत्या.

जुबेदाखाला तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. "क्या खिला दिये सर तुम? अब्बी तो उछल री थी! इत्ता इत्ता बच्चा था तबसे पाली मैं इसकू."

सर जिना चढून आले. प्रत्येक पायरीला भिंत धरत. शेळीपाशी बसले, तिच्या हिरड्या बोटानं चाचपल्या, उरलेले कोंब चाचपले, माती चाचपली. माती ओली होती.

"ताण नव्हता," ते म्हणाले. "रोज पाणी... रोज पाणी होतं."

त्यांनी मातीचं बोट सदऱ्याला पुसलं.

"खाला, तुमची शेळी मी मारली," सर म्हणाले. मग त्यांनी डोकं वर केलं, आमच्या चेहऱ्यांच्या जरा बाजूला बघत. "आणि मी रोज पेलाभर पितो."

जुबेदाखालांचं रडं थांबलं. त्यांनी शेळीचं डोकं खाली ठेवलं, उठल्या आणि उरलेल्या पेट्या एकेक करून उलट्या केल्या. "नक्को सर, अब नक्को," एवढंच पुटपुटत होत्या. मी धावत खाली गेले. घरी आई मिक्सर धूत होती. मी तिच्या हातातून भांडं ओढलं. तिला वाटलं मला वेड लागलं.

मोठ्या सरकारी दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी आधी बाकीची कारणं तपासली. रक्त, मेंदूचा फोटो, पाठीतलं पाणी. रोज काय खाता-पिता, हे त्यांनी विचारलं तेव्हा सरांनी सगळं सांगितलं, शेळीसकट. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"ज्वारीच्या दाण्यात हे नसतं," त्या म्हणाल्या. "कोवळ्या कोंबात असतं. झाडानं आत बांधून ठेवलेलं सायनाइड. कोंब चावला, वाटला की ते सुटतं. ताण पडला तर वाढतं हे खरं, पण पहिल्या दिवसांतल्या कोंबात ते कितीही पाणी दिलं तरी भरपूर असतं."

"मग मी मेलो कसा नाय?"

"एकदम जास्त गेलं असतं तर मेला असतात. थोडं थोडं गेलं. शरीर ते रोज निकामी करत होतं. त्याला डाळ, अंडी, मांस यातलं गंधक लागतं, आणि तुमच्या ताटात ते नव्हतं. उरलेलं विष मेंदूत काम करत राहिलं. पेशींना श्वास घेऊ देत नाही ते. डोळ्यांच्या नसा, कान, पायांना हुकूम देणारा भाग, हालचाल आणि विचार जिथून सुरू होतात तो भाग. जिथं श्वासाची जास्त भूक, तिथं आधी मार."

सर ऐकत होते. "उलटं फिरतं का?"

"बंद केलंत तर पुढचं वाचेल. गेलेलं बहुतेक परत येत नाही."

"'बहुतेक' खोडू का?" सर म्हणाले.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, आणि मला त्या क्षणी जेवढी भीती वाटली तेवढी शेळी बघूनही वाटली नव्हती.

रिक्षात बसल्यावर सरांनी आपल्या डोळ्यांविषयी एक अक्षर काढलं नाही. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिले. "प्रज्ञा, कुठं कुठं गेलं असंल गं ते पत्रक?" पैठणला गेलं होतं. वैजापूरला गेलं होतं. कुणाच्या कुणाच्या मोबाईलमध्ये गेलं होतं ते कुणाला माहीत? त्यांनी वाटलेलं गटारात जात नसे, ही त्यांची कमाई होती. आता तीच आमच्या मानेवर बसली.

नवं पत्रक लिहायला त्यांना जे लागलं ते मी बघितलं. हातात पेन राहीना, अक्षरं एकमेकांवर चढत. मग ते सांगू लागले आणि मी लिहू लागले. पहिलं वाक्य पटकन आलं, "मी चुकलो." दुसऱ्या वाक्याला अख्खी सकाळ गेली. मध्येच धागा तुटायचा. ते मांडीवर मूठ आपटायचे. मी शब्द सुचवला तर संतापायचे, "माझं वाक्य हाय, मला आणू दे!" मग काकू चहा ठेवायच्या आणि आम्ही तिघं त्या न येणाऱ्या शब्दाची वाट बघत बसायचो. आहे तेवढा मेंदू विझायच्या आत हे लिहून व्हावं, एवढीच त्यांची घाई होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आता वाढणार नाही. सरांचा त्यावर विश्वास नव्हता. मलाही रोज सकाळी त्यांच्या दारात पाय ठेवताना वाटायचं, आज हे मला ओळखतील का?

पत्रक झालं. ज्वारीचे कोंब कच्चे खाऊ नका, रस पिऊ नका, जनावराला देऊ नका. दाणा, भाकरी, हुरडा खुशाल खा. ज्यांनी रस घेतला त्यांनी पाय, डोळे तपासून घ्या. खाली सही, 'माझ्या आधीच्या पत्रकाला मी जबाबदार आहे.' एकही विशेषण नव्हतं.

आम्ही ते वाटायला निघालो आणि लोकांनी ते हसून घेतलं. "काकू, सरांना जपा आता." "डोकं थकलं हो त्यांचं." मोबाईलवर पाठवलं तर हात जोडल्याची चित्रं आली. एका निवृत्त कारकुनानं तर सरांसमोरच मला समजावलं, "हे बघ ताई, पहिलं पत्रक त्यांनी शुद्धीत लिहिलं होतं. हे आजारपणात लिहिलंय. कोणतं खरं धरायचं, तूच सांग."

मी त्याच्यावर ओरडले. सरांनी माझा दंड धरला. "त्याचं बरोबर हाय," ते म्हणाले. "मी बी असंच म्हणलो असतो."

मैदानाच्या फाटकाशी गव्हांकुरवाल्याच्या शेजारी आता सुमनबाईंचं टेबल लागत होतं. सुमनबाई सरांची जुनी विद्यार्थिनी, बचत गटाची अध्यक्ष. ज्वारीचा रस, निम्म्या भावात. टेबलाला सरांचं पहिलं पत्रक प्लॅस्टिकमध्ये घालून टांगलेलं. पेल्यासाठी रांग लागायची, धुणीभांडी करणाऱ्या बाया, रिक्षावाले, पेन्शनवाले.

एका सकाळी सर म्हणाले, मला तिथं ने.

सुमनबाईंनी नवं पत्रक वाचलं आणि बाजूला ठेवलं. "सर, तुमीच सांगितलं ना? तुमच्या शब्दावर गटाच्या बाया उभ्या राहिल्या. आता असं म्हणताव. मी सोता पिते की रोज. काय झालंय मला?"

"काय व्हतंय का ते बघू नको," सर म्हणाले. "मला बघ."

त्यांनी काठी माझ्या हातात दिली. मी नको म्हणत होते. ते फाटकापासून लिंबाच्या झाडाकडं निघाले, रांगेच्या कडेकडेनं. दोन्ही गुडघे एकमेकांत अडकत होते, टाचा जमिनीला लागत नव्हत्या, पाऊल उचललं जायच्या आधी सगळं अंग कमरेतून पिळून निघत होतं. मध्येच एक चप्पल सुटली, त्यांना कळलंही नाही. खडीवरून ते अनवाणी पायानं तसेच गेले. झाडाला हात लावला, वळले, परत आले. एकदा गुडघ्यावर पडले. एक रिक्षावाला धावला, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. उठून टेबलापर्यंत पोचले आणि दोन्ही हातांनी कड धरली.

"साठ वर्षं... नीट चाललो," ते म्हणाले. "हे... हे..." शब्द येईना. त्यांनी चाचपडत रसाची बरणी शोधली आणि तिच्यावर पंजा ठेवला. "ह्यानं."

रांग हलली नाही. सुमनबाईंच्या हातातला पेला तसाच होता. मग त्यांनी तो खाली ठेवला, खाली वाकल्या आणि आपल्या उजव्या पायाचं बोट चिमटीत धरून दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं, जोरात. मागच्या बाईनं चप्पल काढली. तिच्या मागच्या पेन्शनवाल्यानं बुटाची नाडी सोडली. थोड्याच वेळात सगळी रांग वाकलेली होती, प्रत्येकजण आपापला पाय हातात घेऊन.

सरांना यातलं काही दिसत नव्हतं. समोरचे चेहरे त्यांना केव्हाच दिसेनासे झाले होते. त्यांनी शांतता ऐकली आणि मान जरा तिरकी केली.

"घेत नायत का पत्रक?" त्यांनी विचारलं. मी खडीवरची त्यांची चप्पल उचलायला गेले होते.

"बरं," सर म्हणाले. टेबल सोडलं, लिंबाच्या दिशेनं तोंड केलं आणि रक्ताळलेलं पाऊल पुढं टाकलं. "थांबा. पुन्यांदा चालून दाखवतो."